कोचनं मुलांसमोर खरं सांगितलं

मुलीचं जन्मवर्ष मी फॉर्मवर एकानं पुढचं लिहिलं, तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती.

"बाबा, हे चुकलंय." एरवी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. हे मात्र मराठीत म्हणाली, टेबलापलीकडच्यांना कळू नये म्हणून.

"असू दे. एका महिन्यानं काय होतंय?"

इथं आखातात, अल गराफातल्या आमच्या घराजवळ एका शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळी मुलांचं बेसबॉल चालायचं. आमचं घर सगळं क्रिकेटचं, पण मुलीला तिच्या मैत्रिणींमुळे या खेळाचं वेड लागलं होतं. मैत्रिणी बारा वर्षांखालच्या संघात होत्या आणि हिला महिन्यापूर्वी बारा पूर्ण झाली होती. मोठ्यांच्या संघात हिला कुणी खेळायला दिलं नसतं, असं मला वाटलं. कागदपत्रं कुणी मागितलीच नाहीत. पालकांवर विश्वास ठेवायची तिथं पद्धत होती.

कोच पन्नाशीचा अमेरिकन होता. तरुणपणी तो पोटापाण्यासाठी बेसबॉल खेळलेला, सर्वांत वरच्या पातळीच्या फक्त एक पायरी खाली. आता इथं एका कंपनीत सुरक्षेचं काम बघायचा आणि सुटीच्या दिवशी मुलांना फुकट शिकवायचा. माझी मुलगी घरी त्याच्याच गोष्टी सांगायची. खरं सांगायचं तर मला ते थोडं टोचायचं.

एका शनिवारी सराव संपल्यावर मुलं त्याच्याभोवती बसली होती. तिकडच्या कुणा निवृत्त खेळाडूनं टीव्हीवर स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं होतं. एका मुलानं सरळ विचारलं, "तुम्ही घेतलं होतं का?"

आम्ही पालक मागे खुर्च्यांवर होतो. वाटलं, हसून विषय बदलेल.

"हो," तो म्हणाला. "दोन हंगाम इंजेक्शनं घेतली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. संघात माझी जागा टिकली आणि माझ्यापेक्षा चांगला एक मुलगा घरी गेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो."

मी गाडी आणायला गेलो. मुलगी बऱ्याच वेळानं मागून आली.

मंगळवारी वेस्ट बेच्या ऑफिसात असताना कोचचा फोन आला. त्या शनिवारी सरावानंतर मुलीनं त्याला गाठून आपलं खरं वय सांगितलं होतं.

"तिला रागावू नका," तो म्हणाला. "शनिवारच्या आत फॉर्म दुरुस्त करून द्या. बाकीच्या पालकांना मी सांगण्यापेक्षा तुम्हीच सांगितलंत तर बरं."

मी "हो, हो, थँक्यू" म्हटलं आणि फोन ठेवला. बाजूला बसलेल्या सहकाऱ्यानं विचारलं, "सब ठीक?" मी मान हलवली.

फॉर्म मी दुरुस्त केला नाही. गुरुवारी ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: ज्या माणसानं ड्रग्ज घेतली आणि ते मुलांसमोर सांगितलं, त्याच्या हाती आपली मुलं द्यावीत का? स्टेरॉइड हा शब्द मी मुद्दाम टाळला. या देशात ड्रग्ज म्हटलं की माणसाची नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. त्यानं माझं सांगण्याआधी त्याचंच नाव खराब व्हावं, एवढंच डोक्यात होतं.

शनिवारी मैदानाच्या कडेच्या शेडखाली सगळे जमले. मी सर्वांत जास्त बोललो. कोचनं ऐकून घेतलं. एकदाच माझ्याकडे बघितलं. आता हा सांगणार, असं मला वाटलं.

"मी सांगितलं ते खरं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला मी नको असेन तर थांबतो." सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून तो गेला.

घरी मुलगी म्हणाली, "यू डिड धिस बिकॉज आय टोल्ड हिम." तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं. "काय सांगितलं हिनं?" मग मला सगळं सांगावं लागलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आणि त्या माणसानं तुझं नाव घेतलं नाही?"

दोन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. त्यानं कॉफी केली. मी माफी मागितली, आणि तुमच्याएवढं धाडस माझ्यात नाही, असंही म्हणालो.

"मला मोठं करू नका," तो म्हणाला. "खेळत होतो तोवर मी तोंड उघडलं नाही. मला दोनदा विचारलं गेलं, दोन्ही वेळा खोटं बोललो. खेळ संपल्यावर सांगितलं, तेव्हा माझं काहीच जाणार नव्हतं. तुमची मुलगी संघात असताना बोलली. ते मला जमलं नव्हतं." मग त्यानं विचारलं, "पालकांना सांगितलंत?"

"नाही."

मी कॉफी संपवून उठलो.

पुढच्या शनिवारी मी त्याच शेडखाली उभा राहून सगळं सांगितलं, वयाचं आणि मेसेजचंही. एक बाई म्हणाली, "संघात जागा नाही म्हणून माझी मुलगी अख्खा हंगाम बाहेर बसली. तुम्ही तिला रोज हाय म्हणायचात." ती पाण्याची बाटली उचलून निघून गेली. तिच्या मुलीचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

दोघे-तिघे कोचला परत बोलवायला गेले. तो आला नाही. उन्हाळ्यात त्याचं इथलं काम संपलं आणि तो मायदेशी गेला.

मुलगी आता मोठ्यांच्या संघात आहे. खेळायला देतात, फलंदाजीला शेवटून दुसरी. तिची आई तिला सोडते. परवा मी विचारलं, "मी येऊ का बघायला?"

बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "नॉट येट, बाबा."