तोंडाला आलेला फेस
काल अकोल्याच्या बसमध्ये फवारणीचा पंप घेऊन एक माणूस शेजारी बसला, आणि त्यातल्या कीटकनाशकाच्या उग्र वासानं मला आमच्या वलगावातली एक दुपार आठवली. टीव्हीवर जागतिक स्पर्धेतली पुरुषांची मॅरेथॉन चालू होती. उन्हानं रस्ता चकाकत होता आणि सगळ्यांच्या मागं पडलेला एक धावपटू झोकांड्या खात होता. त्याच्या तोंडाला पांढरा फेस आला होता. तूर पाखडणाऱ्या आईचा हात सुपातच थांबला. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला एक जण फवारणी करून असाच झोकांड्या खात घरी आला होता, तो पुन्हा उठलाच नाही. बाबा सकाळपासून पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, फवारत होते. "वारा तोंडावर हाये आज," एवढंच म्हणून आई अनवाणी निघाली, मी तिच्या मागं. चिखलाचे गोळे पायांना चिकटत होते. ती बाबांना हाक मारत नव्हती. ओ आली नाही तर काय, हीच भीती असावी. बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवे दिसले तेव्हा मी आईचा पदर धरला. पण ते टोपी तोंडावर घेऊन झोपले होते. "काहून पयत आल्या?" त्यांनी दचकून विचारलं. आईनं त्यांची हनुवटी धरून तोंडाचा वास घेतला आणि तिथंच चिखलात बसली. घरी आलो तर वीज गेलेली. संध्याकाळी भाकरी थापताना तिनं मला हळूच विचारलं, "तो टीव्हीतला पोट्टा पोचला असन का वं?" मला अजूनही माहीत नाही. काल मात्र उतरेपर्यंत मी शेजारच्या त्या माणसाच्या ओठांकडेच बघत होते.