नकाशातली रिकामी जागा

तो बोर्ड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती एखाद्या प्लॉटवाल्याची जाहिरात वाटली. निळंशार पाणी, पांढऱ्या लाटा, नारळाची झाडं आणि छत्रीखाली सरबत पीत बसलेलं एक गोरंपान कुटुंब. खाली मोठ्या अक्षरांत ‘नर्मदा तट सौंदर्यीकरण’. जबलपुरात, नर्मदेच्या काठावर, समुद्राचं चित्र! बोर्ड लावणाऱ्यांनी समोरच्या नदीचा एक फोटो काढायचीही तसदी घेतली नव्हती. माझं डोकं तिथूनच फिरलं.

ग्वारीघाटापासून वरच्या अंगाला दहा-बारा मिनिटं चालत गेलं की मातीचा एक रुंद उतार थेट पाण्यात जातो. तिथे बांधलेल्या पायऱ्या नाहीत, आरतीची गर्दी नाही. नावाडी आपल्या नावा उलट्या टाकून त्यांना डांबर लावतात. बाया कपडे धुतात. म्हातारी माणसं येऊन नुसती बसतात. माझे वडील भंडाऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आले, तेव्हापासून दर रविवारी आम्हा भावंडांना घेऊन ते याच उतारावर यायचे. आम्ही बौद्ध. नदीला फुलं वाहणं, दिवा सोडणं आमच्या घरात नव्हतं. वडील फक्त पाण्यात पाय सोडून बसायचे, तासन् तास. पुढे मीही त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये लागले, रिटायर झाले, आणि मदन महल भागातल्या घरून संध्याकाळी ऑटो करून तिथे येऊन बसायची सवय मात्र राहिली.

उताराच्या तोंडाशी एक फुलवाली बसते. वयाने माझ्याहून थोडी लहान, पण मी तिला दीदी म्हणते आणि ती मला. जवळच्या पनागर गावाहून येणारा झेंडू ती पहाटे उतरवून घेते. बोर्डाबद्दल विचारलं तर ती खूश होती. मापं घेणारी माणसं आली होती आणि तिच्या बसायच्या दगडावर लाल रंगाने सातचा आकडा टाकून गेली होती.

“सात नंबर की दुकान मिलेगी, दीदी,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“कहा किसी ने नहीं. पर नंबर तो दे गए न!”

मला तिच्या भोळेपणाचा राग यावा की आकडा टाकून गुपचूप निघून जाणाऱ्यांचा, हे कळेना. दुसऱ्या दिवशी मी त्या कामाचं ऑफिस शोधत निघाले. घरून निघताना आमचे हे म्हणाले, “काहून उगाच डोकं लावून राहिली? आपलं घर थोडीच पाडून राहिले?” हे रेल्वेत गार्ड होते. गाडी वेळेवर सुटली की जगात सगळं ठीक आहे असं मानणारा माणूस.

ऑफिसात मी नकाशा पाहायला मागितला. पहिल्या दिवशी तो ‘ऑनलाइन’ होता. दुसऱ्या वेळी वेबसाइट बंद होती. तिसऱ्या वेळी नकाशाचे साहेब जेवायला गेले होते. चौथ्या वेळी मी डबा घेऊन गेले आणि त्यांच्या टेबलासमोरच जेवले. तेव्हा कुठे एका तरुण इंजिनिअरने कपाटातून गुंडाळी काढून दिली. “आंटीजी, समझ में नहीं आएगा, टेक्निकल है,” असंही वर सांगितलं.

तीस वर्षं मी तोफगोळ्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढली आहेत. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. वर काचेचं रेस्टॉरंट. त्याखाली बसायचे ओटे, पण रेस्टॉरंटच्या कुंपणाच्या आत. एक गेट, गेटापाशी तिकीटघर. आमचा उतार ‘सर्व्हिस एंट्री’ झाला होता, म्हणजे रेस्टॉरंटचं सामान उतरवायची वाट. आणि आज तिथे जे काही आहे, नावा, धुण्याचे दगड, पिंपळ, दीदीचा दगड, त्या सगळ्यावर एक कोरा चौकोन होता. चौकोनात दोनच शब्द लिहिले होते: रिक्त भूमि.

रिकामी जागा! मी त्या मुलाला विचारलं, “इथे माणसं बसतात, ती कुठे आहेत?”

“आंटीजी, सर्वे के टाइम कोई नहीं था.”

“सर्व्हे कधी केला?”

“दोपहर में.”

नकाशावर सर्व्हेची तारीख मे महिन्यातली होती. जबलपूरच्या उन्हात, भर दुपारी, नदीकाठी कोण बसणार होतं?

हरकती घ्यायला थोडेच दिवस उरले होते. मी कॉलनीत सांगितलं आणि एक समिती तयार झाली. तिथून माझा खरा छळ सुरू झाला. समितीचे अध्यक्ष झाले आमचे शेजारी, एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. त्यांनी सगळ्यात आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार. मी नकाशाचे फोटो टाकले, तर त्यांच्याखाली तीस लोकांचे जोडलेल्या हातांचे इमोजी. नकाशा कोणी उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही. पहिली सभा अडीच तास चालली आणि ती सगळी बॅनरवर अध्यक्षांचा फोटो डावीकडे असावा की उजवीकडे यावरच गेली.

दुसऱ्या सभेत अध्यक्ष म्हणाले, “मुद्दा एकच ठेवायचा. आस्था. नर्मदा मैया की आस्था. बाकी काही बोलायचं नाही.”

मी म्हटलं, “भाऊसाहेब, माझी आस्था नाही. मी तिथे नुसती बसते. कपडे धुणारीही आस्थेने धूत नाही, तिच्या घरी नळाला पाणी नाही म्हणून धुते. नुसतं बसायलाही जागा लागते, हा मुद्दा नाही का?”

“ताई, ते ऐकायला बरं वाटत नाही,” ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

नावाडी तरी बरोबर येतील असं वाटलं होतं. त्यांच्यातला एक जाणता नावाडी, ज्याच्या बापाच्या नावेतून आम्ही लहानपणी पलीकडे जायचो, त्याच्याकडे मी गेले. तो डांबराचा ब्रश हातातून खाली न ठेवता म्हणाला, “उनने मोटर वाली नाव का बोला है. चार जनों को.” चारांत तो होता. बाकीच्या विसांचं काय, असं विचारलं तर तो नावेच्या फटीत ब्रश कोंबत राहिला.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन भांडी आपटली. हे म्हणाले, “आता सोड ना बाप्पा.” आणि त्यांच्या त्या ‘सोड’मुळेच असेल, मला काय करायचं ते सुचलं. ऑफिसच्या नकाशात माणसं नव्हती. मग माणसं असलेला नकाशा मीच काढायचा.

आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, आम्ही दोघं टेप घेऊन उतारावर होतो. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून मी यांना ओढून नेलं. पहिले दोन दिवस हे नुसते करवादत होते, गुडघे दुखतात, लोक पाहून राहिले, चहा कधी. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हे खिशातल्या जुन्या वहीत गाड्यांच्या वेळा लिहाव्या तशा नोंदी करत होते: पावणेसहा, धुणाऱ्या बाया अकरा, सहा वाजून दहा, पोहणारे चार, एक कुत्रा. मी म्हटलं, “कुत्रा कशाला?” तर म्हणाले, “तोही रोज येऊन राहिला ना.”

दीदीने पाण्याच्या खुणा दाखवल्या. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कुठवर येतं, हे तिला दगडागणिक पाठ होतं. पिंपळाच्या बुंध्यावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, मागच्या पुराच्या गाळाची एक करडी रेघ होती. मी ती उंची मोजली आणि घरी येऊन ऑफिसच्या ड्रॉइंगमधल्या लेव्हलशी लावून पाहिली. पुन्हा लावली. रेस्टॉरंटची फरशी त्या रेघेच्या हातभर खाली होती. एवढ्या शिकलेल्या माणसांनी काढलेलं ड्रॉइंग! मला आनंद व्हायला हवा होता. पण मला नुसता संताप आला, कारण ते बांधून झालं असतं, वाहून गेलं असतं आणि तोवर आमचा उतारही गेलाच असता.

सुनावणी एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. मागे आदल्या दिवशीचं ‘शुभविवाह’ अजून लटकत होतं. आधी काम घेतलेल्या कंपनीची फिल्म दाखवली, बासरीच्या सुरांवर. मग आमचे अध्यक्ष उठले आणि वीस मिनिटं आस्थेवर बोलले. ते बसले तेव्हा सुनावणी घेणाऱ्या, मधल्या खुर्चीतल्या साहेबांनी घड्याळ पाहून जाहीर केलं, “अब सब एक-एक मिनट.”

मी माझ्या नकाशाचा कागद टेबलावर पसरला. साहेब वाकून म्हणाले, “अरे वाह! बहुत सुंदर. आप आर्टिस्ट हैं?”

“नहीं. ड्राफ्ट्समन हूँ,” मी म्हटलं आणि पेन्सिलीचं टोक गाळाच्या रेघेवर ठेवलं. “ये आपके रेस्टॉरंट का फर्श. ये पानी.”

तो तरुण इंजिनिअर पुढे आला. त्याने आपला कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला, फोनवर काही आकडेमोड केली आणि साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून दीदी उभी राहिली. तिचं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. ती म्हणाली, “साहब, एक बात बताओ. पानी तक जाने का टिकट लगेगा?”

“नाममात्र,” साहेब म्हणाले. “रखरखाव के लिए.” देखभालीसाठी म्हणे.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, यांनी घरी आल्यावर सांगितलं. मी म्हणे टेबलावर हात आपटला आणि शुद्ध मराठीत ओरडले. माझे आजोबा गावच्या विहिरीपासून लांब उभे राहायचे, कुणाला दया आली तर तो वरून ओंजळीत पाणी ओतायचा. माझा बाप इथे आला आणि कुणाला न विचारता नदीत पाय सोडून बसला. आता तुम्ही मला तिकीट देणार? पाण्यापाशी जायचं? साहेबांना मराठी येत नव्हतं. हॉलमधल्या अर्ध्या लोकांनाही येत नव्हतं. अध्यक्षांनी मात्र बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, जातीचा विषय नको होता आणायला.” उत्तर दिलं असतं तर ते फार लांबलं असतं.

काही महिन्यांनी सुधारित योजना आली. रेस्टॉरंट वर रस्त्याच्या कडेला गेलं. उतार मोकळा राहिला, तिकीटघर गेलं. लोकांनी अध्यक्षांना हार घातले. पण योजना बदलण्याचं लेखी कारण मी वाचलं आहे. त्यात ‘पुराची पातळी’ आहे. धुणाऱ्या बायांबद्दल, बसणाऱ्यांबद्दल, आठ दिवसांच्या नोंदींबद्दल एक ओळ नाही. माणसांचं ऐकलंच नाही कोणी, ऐकलं ते पुराच्या पाण्याचं. हे म्हणाले, “अवं, पण जिंकली ना तू?” मला अजून ते जिंकल्यासारखं वाटत नाही. दीदीला पार्किंगच्या मागे पत्र्याचं खोकं मिळालं, जिथे एकही गिऱ्हाईक जात नाही. ती ते बंद ठेवते आणि उतारावरच बसते. आठवड्यातून दोनदा शिट्टी वाजवत तिथला सिक्युरिटी गार्ड येतो आणि तिला उठवतो. तो गेला की ती परत बसते.

आणि मोटरच्या नावा रद्द झाल्या. तो नावाडी माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलला. मी खाली पाण्याशी बसले होते, तो दोर गुंडाळत जवळून गेला आणि थांबला.

“आप तो शाम को बैठने आती हैं, दीदी,” तो म्हणाला. “हम यहीं का खाते हैं.”

त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. चारच नावा होत्या, बाकीच्यांना हाकलणार होते, तुझ्याच घरची बाईमाणसं तिकीट काढून पाण्यावर आली असती. यातलं काहीही खोटं नव्हतं. त्याचंही खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तो जुनी नाव ढकलत पाण्यात घेऊन गेला. मी उठून ऑटो शोधायला वर गेले.