चुकीचा वापर

"मॅडम, तुमचा माइक बंद करा. कोंबड्या ऐकू येताहेत."

ऑनलाइन मीटिंग चालू होती, पडद्यावर नऊ चौकोन होते. आठ जण हसले. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

कोंबडं आमचंच होतं. नवेगाव बांधजवळच्या आमच्या घरात आत रेंज येत नाही, म्हणून मी पडवीत बसले होते. बोलणारे सर आम्ही ज्या सॉफ्टवेअरचं काम करायचो, त्याचे मुख्य. राहतात पुण्यात. मी माइक बंद केला नाही. मला एकच तक्रार मांडायची होती. ती मांडली. सर म्हणाले, "एका फोनवर दोन बायका काम करतात, ही सॉफ्टवेअरची चूक कशी? त्यांना सांगा, आपापला फोन वापरा. पुढचं घ्या."

आपापला फोन. जणू कोहमाऱ्याच्या चौकात फुकट वाटत होते.

हे काम मला कोणी दिलं नव्हतं. मीच मागून घेतलं होतं. खेड्यात घरोघरी जाऊन गरोदर बायका, लहान पोरं यांच्या नोंदी फोनवर घ्यायचं हे अॅप. उघडं सॉफ्टवेअर. कोणीही फुकट वापरावं, कोणीही कोड पाहावा, चूक दिसली तर लिहून कळवावं. आलेल्या तक्रारी निवडायच्या, तांदूळ निवडतात तसं, ते माझं काम. तक्रार वाचायची, स्वतः करून पाहायची, खरी निघाली तर पुढे पाठवायची. नाही तर शिक्का मारून बंद. त्यातला एक शिक्का होता 'चुकीचा वापर'.

दिवसा कोहमाऱ्याच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचे, संध्याकाळी हे. पैसा नाही. पण काम करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. ढिवराच्या पोरीचं नाव. बाप तलावात जाळं टाकतो, आणि पोरगी पुण्या-बंगळुरूच्या लोकांच्या ओळीत. आडनाव मात्र मी लावलं नव्हतं. सर एकदा म्हणाले होते, "तुम्ही भराभर निकाल लावता." तेवढ्यावर मी महिनाभर हवेत होते.

माझी माय हेच अॅप वापरते. एका संस्थेसाठी ती गावातल्या नोंदी घेते. श्रावणात तिच्या एकोणीस नोंदी गायब झाल्या. महिन्याच्या मीटिंगमध्ये संस्थेच्या मॅडमने तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "मासे विकत फिरता, नोंदी कधी करणार? घरी बसून थापा मारता." पुन्हा असं झालं तर काम बंद, असंही बजावलं. माय घरी आली. खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नाही. तशीच बसली.

"मी गेली होती नं वं घरोघर," ती म्हणाली. "तुले तं मालूम आहे."

ती मला पटवून देत होती. मला! पोटच्या पोरीला.

गावात या कामाला दोघी. माय आणि शेजारची शेवंतामावशी. मावशीच्या घरचा फोन तिच्या नवऱ्याबरोबर राईस मिलला जातो. म्हणून दोघी मायच्याच फोनवर भरतात. आधी माय फिरते, मग फोन मावशीच्या हातात. संध्याकाळी दोघी तलावाच्या पाळीवर चढतात, रेंज तिथेच लागते, आणि सगळं एकदम पाठवतात. आमच्याकडे हे असंच. कढई शेजारी जाते, तसा फोनही जातो.

मी तसंच करून पाहिलं. मायच्या नावाने तीन नोंदी भरल्या, पाठवल्या नाहीत. मग मावशीच्या नावाने अॅप उघडलं. मायच्या तिन्ही नोंदी पुसल्या गेल्या. पुन्हा केलं. पुन्हा गेल्या.

ही तक्रार आधी कोणी केली आहे का, म्हणून जुनी यादी शोधली. केली होती. कचारगडकडच्या एका बाईने, उन्हाळ्यात. दोनच ओळी. 'आमी दोघी एकाच फोनवर भरतो. दुसरीनं उघडलं का माझं सगळं जाते.' खाली शिक्का. चुकीचा वापर. बंद.

बंद करणारीचं नाव माझं.

मी करून पाहिलंच नव्हतं. फोटो नाही, नीट माहिती नाही, म्हणून तयार उत्तर चिकटवलं आणि पुढे गेले. अगदी सरांसारखी. तेव्हाच पाहिलं असतं, तर मायवर ती वेळ आली नसती. त्या मीटिंगमध्ये तिला मीही उभं केलं होतं. लाज वाटली.

म्हणून त्या दिवशी सर "पुढचं घ्या" म्हणाले तेव्हा मी गप्प बसले नाही. "सर, मी स्वतः करून पाहिलंय. ही तक्रार मी बंद करणार नाही."

"मग मी करतो," सर म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत केली. दुसऱ्या दिवशी माझा शिक्के मारायचा हक्क काढून घेतला. वर एक ओळ लिहिली होती, तुमच्या योगदानाबद्दल आभार.

कचारगडच्या बाईला मी लिहिलं, 'चूक तुमची नव्हती. मी न पाहता बंद केली. माफ करा.' आठवड्याने उत्तर आलं. 'आता कायले सांगता? मले कामावरून काढलं.'



माय आता भर दुपारी पाळीवर जाते. आधी आपलं पाठवते, परत येऊन फोन मावशीला देते, संध्याकाळी तिच्यासोबत पुन्हा जाते. सॉफ्टवेअरची चूक ती पायांनी भरून काढते. आल्यावर विचारते, "झालं का वं दुरुस्त? का अजून पुसूनच राहिलं?" "अजून नाही," मी सांगते. माझ्या हातात काही नाही.

पण तक्रार लिहायला कोणाचा हक्क लागत नाही. काल मायची लिहिली. तिच्या शब्दांत, तिचं नाव, गाव, करून पाहिलेली एकेक पायरी. खाली माझं नाव, या वेळी आडनावासकट. दुपारपर्यंत बंद झाली. चुकीचा वापर.

आज मावशीची लिहिली. कोड उघडा आहे. मला अजून त्यातला अर्धाही कळत नाही. शिकेन. तोवर या जिल्ह्यात जितक्या बायका एका फोनवर काम करतात, तितक्या तक्रारी लिहीन. बंद केली की दुसरी. आणि त्यातल्या एकीलाही मी 'आपापला फोन वापरा' म्हणणार नाही.