दातांनी ऐकणारे कानवाले

पाणीपुरवठा खात्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळे त्यांना कानवाले काका म्हणायचे. काम एकच, जमिनीखालच्या पाइपांचा कानोसा घ्यायचा. लांब लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. पाइप फुटला असेल तर पाणी फुसफुसतं, आणि लोखंडातून तो आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने धावत येतो. पाणी वर आलं तिथेच गळती, असं समजणारा माणूस या धंद्यात नवखा. पाणी भलतं लबाड. फुटतं एकीकडे, उगवतं दुसरीकडे.

अशा माणसाचे कानच गेले. दैवाला तरी काय खोड्या सुचतात बघा! आधी पाखरं गप्प झाली, मग दाराची बेल, मग बायको. ती ओरडून बोलायला लागली आणि शेजाऱ्यांना वाटलं, या दोघांचं हल्ली फार वाजतं. बिचारी चहाला विचारत असायची.

हे काम हातून जायचंच, पण एक दिवस बुटाची नाडी बांधताना हात मोकळे हवेत म्हणून काकांनी सळई दातांत धरली. दुसरं टोक व्हॉल्व्हला टेकलं आणि डोक्यात एकदम पाणी फुसफुसलं. सळई काढली, शांत. पुन्हा चावली, पुन्हा फुसफुस! तेव्हापासून चार वर्षं ते दातांनीच ऐकत होते. मात्र सगळ्यांकडे पाठ करून. विचारलं तर म्हणायचे, "कोणी बघितलं की माझं लक्ष उडतं." झाकली मूठ सव्वा लाखाची.

नव्या इंजिनिअर मॅडम मात्र हटेनात. दवाखान्याकडे जाणारा पाइप फुटला होता आणि तिथल्या टाकीत जेमतेम दोन तासांचं पाणी होतं. "मला शिकायचंय काका, मी समोरूनच बघणार," त्या म्हणाल्या. ओठांवरून काकांना कळलं आणि घाम फुटला. बहिरा माणूस या जागेवर ठेवत नाहीत, थेट गोदामात पाठवतात. मग त्यांनी सळई कानाला लावली, डोळे मिटले, जाणकारासारखी मान हलवली आणि अंदाजाने बोट दाखवलं.

तासभर खणून कोरडी माती निघाली. मुकादम वैतागला, "काका, इथं तर धूळच आहे!"

काकांनी दवाखान्याकडे बघितलं. स्वतःची लाज वाटली त्यांना. मग मॅडमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सळई दातांत धरली. या व्हॉल्व्हवरून त्या व्हॉल्व्हवर, असं करत फुसफुस सगळ्यात मोठी झाली तिथे थांबले. "इथे खणा." थोड्याच वेळात मुकादम डोक्यापासून पायापर्यंत भिजला.

"कानांनी ऐकू येत नाही मला," काका म्हणाले. "चार वर्षं झाली. गोदामात पाठवायचं तर पाठवा."

मॅडमनी सळई रुमालाने पुसली, एक टोक व्हॉल्व्हवर टेकवलं, दोन्ही कानांत बोटं घातली आणि दुसरं टोक चावलं. त्यांचे डोळेच विस्फारले. "अहो, हे तर कवटीतून ऐकू येतंय! म्हणजे तुमचा आतला कान शाबूत आहे. गोदामाचं राहू दे, आधी डॉक्टरांकडे चला."

डॉक्टरांनी शाळेतल्या प्रयोगात असतो तसा नादकाटा वाजवून कानाजवळ धरला. काही नाही. कानामागच्या हाडावर टेकवला, तसा तो घुमला. कानाच्या मधल्या भागात तीन हाडं असतात, त्यातलं सगळ्यात छोटं तांदळाच्या दाण्याहूनही लहान. काकांचं तेच आखडलं होतं. हवेतून येणारा आवाज तिथे अडत होता. दातांचा आवाज कवटीच्या हाडांतून परस्पर आत पोचत होता. हाडावर बसणारं छोटं यंत्र लावलं की बोलणंही तसंच पोचणार होतं.

"चार वर्षं का थांबलात?" डॉक्टरांनी लिहून विचारलं.

"हे काम जाईल म्हणून," काका म्हणाले. ते गेलं नाही. मॅडमनी यंत्रासकट त्यांना त्याच जागेवर ठेवलं.

यंत्र लावून ते घरी आले. बायको दारातूनच ओरडली, "काय म्हणाले डॉक्टर?"

"अगं, हळू बोल."

ती थबकली. तोंड उघडलं, मिटलं. इतक्या वर्षांत हळू बोलायचं ती विसरूनच गेली होती.

"काय बोलू?" तिने शेवटी कुजबुजत विचारलं, आणि तेवढं ऐकूनच काकांना रडू फुटलं.