विसावी सायकल

आमच्या सोसायटीत कोणाचं कोणाशी बिनसलंय हे लिफ्टमनच्या आधी मला कळतं. त्यामुळे नरसिंगअण्णांबद्दल लिहायचा पहिला हक्क माझाच. शिवाय त्यांच्याबद्दल मी जे जे पसरवलं त्यातलं निम्मं खोटं होतं आणि उरलेल्या निम्म्याला तिखटमीठ लावलेलं होतं. आता एकदा बिनमसाल्याचं सांगून टाकतो.

नरसिंगराव, फ्लॅट एकशे चार, वय सत्तर. घराणं बेंगळुरात कधी आलं हे त्यांनाही नक्की ठाऊक नाही. घरात मराठीच, पण मधूनमधून कन्नड पेरलेली: जरा म्हणायचं तर ‘स्वल्प थांब’ आणि बरं म्हणायचं तर ‘सरी, येतो’. एका सरकारी कारखान्यात ते टर्नर होते. के. आर. पुरमहून तिथे एकतीस वर्षं सायकलनं गेले. भोंगा झाला की हजारभर सायकली एकदम फाटकाबाहेर पडायच्या आणि मोटारवाले कडेला थांबून वाट द्यायचे, असं ते सांगत. सांगताना हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे यायचे. मी त्या हातांची नक्कल करायचो. गणपतीच्या स्टेजवरसुद्धा केली. सगळ्यात मोठ्यांदा अण्णाच हसले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी डोक्यात घेतलं, की आपल्या इमारतीतल्या लोकांना सायकलवर बसवायचं. “एकट्याला लाज वाटते रे अजित,” ते मला म्हणत. “चौघं असली की नाही वाटत. म्हणून कार्यक्रम पाहिजे.”

मग कार्यक्रम सुरू झाले. पहिला, पहाटे हेब्बाळच्या तळ्यापर्यंत फेरी. आले तीन जण, त्यातला एक कुत्रा फिरवायला उतरलेला. दुसरा, सायकलनं इंदिरानगरला जाऊन डोसा. त्याला अकरा आले. डोसे खाल्ल्यावर आठ जणांनी सायकली टेंपोत घातल्या आणि रिक्षानं परतले. त्या आठांत मी होतो, टेंपो मीच ठरवला होता. मग बेसमेंटमध्ये बायकांसाठी वर्ग. वसुमतीअक्का चौथ्या दिवशी थेट आमच्या सेक्रेटरीच्या नव्या गाडीवर जाऊन टेकल्या. गाडीला ओरखडा, अक्कांना काही नाही, आणि पाचव्या दिवशी अक्का पुन्हा हजर! हा शेवटचा भाग मी कधी कोणाला सांगितला नाही. ओरखड्यावर गोष्ट जास्त रंगायची.

दरवेळी अण्णा दारात येऊन विचारायचे, “ह्या रविवारी येतोस ना?”

मी म्हणायचो, “बघू.”

अण्णांची खरी इस्टेट म्हणजे बेसमेंटमधला सायकलींचा स्टँड. रॅम्पखालच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः पाइप वाकवून चोवीस सायकलींची सोय केली होती. टोकाला साखळीनं बांधलेला पंप. रविवारी सकाळी ते तिथे स्टूल टाकून बसत. कोणाचा ब्रेक, कोणाची चेन, हात काळे करून नीट करून देत. निम्म्या सायकलींवर बोटभर धूळ होती, पण अण्णा त्यांनाही तेल घालायचे. “उद्या मालकाला आठवण झाली तर?”

गेल्या वर्षी असोसिएशनला तो कोपरा हवा झाला. स्कूटर चार्ज करायला पॉइंट बसवायचे होते. सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी प्रवीणकुमार उभा राहिला. माणूस वाईट नाही, फक्त मिनिटबुकात लिहिलेलं त्याला देवाच्या जागी. तो म्हणाला, “सर, ह्या सायकली कोणी वापरतच नाही. वापरतात असं दाखवा, स्टँड राहील.”

अण्णा उठले. “दाखवतो. आयुधपूजेला दाखवतो.”

त्यांची युक्ती ऐकून मीही मनात सलाम ठोकला. सायकल चालवायला कोणी खाली येत नाही, पण आयुधपूजेला गाडीला हार घालायला अख्खी इमारत बेसमेंटमध्ये असते. त्याच दिवशी सायकलींचीही पूजा मांडायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि पूजा झालेलं वाहन फेरी मारल्याशिवाय पुन्हा उभं करायचं नाही, असा नियम काढायचा. नियम त्यांचा स्वतःचा, पण देवाच्या नावावर खपणारा.

“किती सायकली निघाल्या तर चालेल?” प्रवीणकुमारनं विचारलं. “पंधरा?”

पंधरा कबूल झाल्यातच जमा होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस ओरडला, “पंधरा काय, वीस करा! अण्णा हजार सायकलींतले आहेत!” हशा झाला, टाळ्या झाल्या, आणि प्रवीणकुमारनं लिहिलं: पूजेनंतर, राहुकाळ लागायच्या आत, रहिवाशांच्या वीस सायकली एकत्र गेटबाहेर पडाव्यात.

मागच्या रांगेतला माणूस मी.

अण्णांनी दोन महिने घरोघर फिरून नावं जमवली. आदल्या संध्याकाळी खांद्याला पिशवी, हातात पंप घेऊन ते माझ्या दारात आले.

“तुझं नाव विसावं लिहिलंय. तुझी सायकल चार वर्षं उभी आहे, टायर बसलाय. स्वल्प बघू का? पिशवीत नवी ट्यूब आहे. दहा मिनिटांचं काम.”

मी मॅच बघत होतो. म्हणालो, “अण्णा, हवेची काळजी नको. हवा माझ्यात इतकी आहे, की नुसतं तोंड लावलं तरी टायर फुगेल.”

आतून माझी बायको उल्का ओरडली, “अरे, दे ना त्यांना सायकलची चावी!”

“उद्या बघू,” मी म्हणालो.

“सरी,” अण्णा म्हणाले आणि शेजारच्या दाराकडे वळले.

शुक्रवार होता. राहुकाळ साडेदहाला. सव्वानऊपर्यंत गाड्यांच्या पूजा उरकल्या, कोहळा फुटला, केळीचे खांब बांधून झाले. दहाला सायकली बेसमेंटपासून रॅम्पवरून थेट गेटपर्यंत रांगेत लागल्या. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कॉफी पीत बघत होतो. झेंडूचे हार घातलेल्या सायकली, त्यावर बसलेली जाडीभरडी माणसं. वसुमतीअक्का चक्क पंजाबी ड्रेस घालून! सिद्धी नावाची आयटीतली मुलगी, जिला मी कधी पायऱ्यांनीसुद्धा जाताना पाहिलं नव्हतं. प्रवीणकुमार गेटवर पॅड घेऊन मोजत होता. अण्णा धरून एकोणीस.

“विसावा कोण?” त्यानं विचारलं.

“अजित. येईल तो,” अण्णा म्हणाले.

उल्का म्हणाली, “जा की आता. काहून अंत पाहतोस त्यांचा?”

“थांब ना. आत्ता गेलो तर विसातला एक. साडेदहाला पाच कमी असताना गेलो, तर हिरो.” मी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे सरकलो, कारण अण्णांनी वर पाहिलं होतं.

दहा पंचवीसला मी गळ्यात हार घालून, तोंडानं तुतारी वाजवत जिना उतरलो. लोक हसले, कोणीतरी शिटी मारली. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीदेवींनी माझ्या सायकलीलाही कुंकू लावलं होतं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. मी ऐटीत टांग टाकली. चाक लिंबावर चढलं नाही. नुसती खडखड झाली, रिम जमिनीला लागली, आणि लिंबू घरंगळत रॅम्पखाली गेलं.

अण्णा पंप घेऊन आले. चार दाब दिले. ट्यूब आत उभी चिरली होती. तोंड लावून फुगण्यातली नव्हती.

“किती वेळ लागेल?” रॅम्प उतरून आलेल्या प्रवीणकुमारनं विचारलं.

“दहा मिनिटं,” अण्णा म्हणाले, आणि घड्याळाकडे न बघता चाकाचे नट सोडायला बसले.

मी प्रवीणकुमारला म्हणालो, “एकानं काय होतं हो? एकोणीस आहेत ना!”

“सर, पंधराच लिहिणार होतो मी,” तो म्हणाला. “तुम्हीच वीस म्हणालात.”

साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना लक्ष्मीदेवी म्हणाल्या, “अहो, राहुकाळ लागेल. बाकीच्यांना तरी जाऊ द्या.” अण्णांनी मान वर न करता हात हलवला. “निघा, निघा तुम्ही. तळ्यापर्यंत जा, छान वारा आहे.” अठरा सायकली घंट्या वाजवत गेटबाहेर पडल्या. वर्षानुवर्षं ज्या फेरीची त्यांनी वाट पाहिली, ती निघाली तेव्हा ते माझ्या चाकाशी उकिडवे बसले होते.

दहा चाळीसला टायर टणक झाला. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला, धोतराला हात पुसले. “घे. एक फेरी मार. पूजा झालीये.”

मी बेसमेंटमध्येच एक फेरी मारली. खांबाला वळसा घालून परत आलो, तेव्हा अण्णा स्टूल घडी करून जिन्याकडे चालले होते.

मी सभेत माफी मागितली, पंधराचं गणित मांडलं, ठराव फिरवायला सह्या मागितल्या. सह्या मागणारा मी असल्यामुळे लोकांना वाटलं, ही नवी गंमत आहे. महिनाभरात पाइप कापले गेले. आता तिथे चार्जिंगचे पॉइंट आहेत. पंप उल्कानं मागून आणला, आमच्या दारामागे उभा आहे. अण्णांची सायकल त्यांच्या गॅलरीत आहे. लक्ष्मीदेवी तिच्यावर पंचे वाळत घालतात.

मी आता रविवारी तळ्यापर्यंत जातो. वसुमतीअक्का असतात, कधी सिद्धी असते. मागच्या आठवड्यात अण्णांच्या दारात जाऊन विचारलं, “अण्णा, ह्या रविवारी येता ना?”

“बघू,” ते म्हणाले. कुचकटपणा नव्हता त्यात, तो त्यांच्यात नाहीच. दार लोटता लोटता थांबले. “ट्यूब कशी आहे रे? हवा टिकते?”

“टिकते, अण्णा.”

“सरी,” म्हणाले, आणि आत गेले.