दोन पत्ते, एकच पेटी

शिरूरच्या आमच्या कॉलेजात प्रिंटर अडला किंवा कुणी पासवर्ड विसरलं की सगळे रश्मीताईंना हाक मारतात. त्या कारेगावहून एसटीनं येतात. नवऱ्याची, खंडूची, कंपनीत पाळी असते; दोघांचे डबे भरूनच त्या निघतात. कॉलेजचा मेल सर्व्हर त्या एकट्या सांभाळतात. हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो कधी बंद पडत नाही.

माझ्या घटस्फोटाचा निकाल लागल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. "ताई, शितोळे नावाचा माझा मेल बंद करा. गव्हाणे नावानं नवा द्या."

"नवा देते. पण पुण्याच्या त्या संशोधनाच्या जागेला अर्ज केलावता, तो कंच्या पत्त्यावरनं?"

जुन्याच. माझं पुढचं सगळं त्या एका जागेवर होतं. "नाव बदलल्याचं कळवलंय त्यांना. उत्तर नाही आलं."

"मग न्हाई करत बंद. पत्ता बंद केला की पत्र उलट्या पावली जातं, मॅडम. तिकडच्याला वाटतं, या नावाचं इथं कुणी हायच न्हाई."

"मला ते नाव बघायचंसुद्धा नाहीये!"

दारात हेडक्लार्क हौसराव आप्पा उभे होते. "एका माणसाला दोन पत्ते? मग मला पगार पण दोन लाव की, पोरी."

"आप्पा, तुम्ही आधी एक पासवर्ड ध्यानात ठेवा."

आप्पा हसत गेले. रश्मीताईंनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. "पेटी एकच. दोन्ही नावांची पत्रं हितंच पडतील. तुम्ही लिहाल ते मात्र गव्हाणे म्हणूनच जाईल. आन् जुन्या नावाचं वेगळ्या कप्प्यात टाकते. मन होईल तवा उघडा."

त्यांनी कारण विचारलं नाही, समजूतही काढली नाही. मघापासून फुटू पाहणारं माझं रडू मात्र तिथंच थांबलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी तो कप्पा उघडला. जाहिरातींच्या गर्दीत मुलाखतीचं बोलावणं होतं, शितोळे नावानं आलेलं. दोन दिवसांत होकार कळवायचा होता. मी लिहिलं, पाठवलं, आणि पाठवलेलं पुन्हा उघडून बघितलं. वर नाव होतं धनश्री गव्हाणे.

निवडीचं पत्र आलं ते थेट नव्या पत्त्यावर. सांगायला गेले तेव्हा रश्मीताई टेबलाखाली वायर शोधत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "बरं झालं बाई!" मग बाहेर येऊन हात झटकत त्यांनी विचारलं, "आता त्या जुन्या नावानं कुणी काय धाडणार हाय का?"

"नाही. सगळ्यांना कळवून झालं."

"मग करू बंद?" त्यांनी माऊस माझ्याकडं सरकवला. "तुम्हीच करा."

मी बटण दाबलं. मग त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि तासाला गेले.