मोठ्या सिस्टरची चौकशी

आमच्या घरात कुणाचंही कौतुक तो माणूस गेल्यावरच सुरू होतं. मोठ्या सिस्टरच्या बाबतीत आईने तेवढीही सूट दिली नव्हती. सिस्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी डाळ पातळ झाली की आई म्हणायची, "आली बघ तिची आठवण."

मोठी सिस्टर म्हणजे आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात किला गेटजवळ असलेल्या आश्रमाची संस्थापिका. दक्षिणेतून आलेली कॅथलिक नन. आधी नन्सच्याच दुसऱ्या एका मोठ्या संघात होती. तिथल्या वरिष्ठांशी तिचं पटलं नाही, म्हणून चार जणींना घेऊन तिने स्वतःचा संघ काढला. टाकून दिलेली मुलं आणि घरच्यांना नकोशी झालेली म्हातारी माणसं सांभाळायची, एवढंच काम. आज त्या संघाची घरं म्हणे गावोगाव आहेत. सुरुवात मात्र दोन खोल्या आणि एका चुलीवर झाली, आणि त्या चुलीपुढे वीस वर्षं माझी आई बसली. त्यामुळे ती स्वतःला त्या संघाची निम्मी संस्थापिका समजते. फक्त कुणी तसं छापलेलं नाही.

दोघींचं कधी जमलं नाही. सिस्टरला रोज भात हवा, आणि आईच्या मते भात हे आजाऱ्याचं खाणं. दारात नवं माणूस आलं की सिस्टर न विचारता डाळीत तांब्याभर पाणी ओतून जायची. आई मागून ओरडायची, "देव तुमच्या पाठीशी असेल सिस्टर, डाळ नाहीये." सिस्टरचा रागही काही साधा नव्हता. एकदा खिचडी करपली तर तिने झाकण असं आपटलं, की कोपऱ्यातली एक म्हातारी घाबरून रामरक्षा म्हणायला लागली. "माझी सासूच परत आली हिच्या रूपाने," हे आईचं रोजचं पालुपद. ते म्हणत म्हणत ती दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर व्हायची.

गेल्या वर्षी आमच्या दर्पण कॉलनीतल्या घरी त्या संघाच्या दोन सिस्टर आल्या. मोठ्या सिस्टरला संत ठरवायचं चाललं आहे, तिला जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षी चर्च घेणार आहे, आईचीही हवी, असं त्यांनी सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला, आणि त्या गेल्यावर म्हणाली, "म्हणजे चौकशी आहे तर."

चौकशी म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लग्न ठरवण्याआधी समोरची मंडळी शेजारीपाजारी विचारायला येतात, ती. त्या वेळी काय बोलायचं हेही ठरलेलं. शेजारच्या मुलीशी आपलं बोलणं बंद असो, तिने आपल्या दारात कचरा टाकलेला असो, चौकशीला आलेल्यांना सांगायचं, लाखात एक मुलगी आहे. जमत असलेलं मोडू नये. आईने आयुष्यात पाच-सहा लग्नं अशी पार पाडली आहेत. त्यांतल्या दोन लग्नांवरून तर पुढे दोन्हीकडच्या मंडळींनी येऊन तिला चार शब्द ऐकवले.

इंदूरहून माझ्या धाकट्या भावाचा लगेच फोन आला. तो बँकेत मॅनेजर आहे. "आई, तू इन चक्करों में पडूच नको. काही सही तर बिलकुल करू नको. हे लोक कसे असतात तुला मालूम नाहीये." आई वीस वर्षं त्या लोकांत राहिली होती आणि हा त्यांना फोनवरच्या मेसेजमधून ओळखत होता, पण मालूम नव्हतं ते आईलाच. आई म्हणाली, "बरं बरं. जेवलास का?" आणि फोन माझ्याकडे दिला.

जयेंद्रगंजात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर साक्षी चालू होत्या. एक वयस्कर पाद्री विचारणार, दुसरा लिहून घेणार. आईला ऐकायला कमी येतं आणि उत्तर मराठीतच सुचतं, म्हणून मला दुभाषी केलं. शपथ मलाही घ्यावी लागली. आई बोलेल ते जसंच्या तसं, तिचं 'मी' ते 'मी'च ठेवून सांगायचं, आणि इथलं बाहेर बोलायचं नाही. यातली दुसरी शपथ मी इथे मोडते आहे. कुणाचं नाव घेत नाही, एवढी पळवाट असू द्यावी.

"सिस्टर को गुस्सा आता था?" पाद्रींनी विचारलं. मी ते आईच्या कानात ओरडले.

"गुस्सा? छे! गाय होती गाय."

मी चेहरा गंभीर ठेवून सांगितलं.

"रसोई को लेकर कभी झगड़ा?"

"कशाचा झगडा? मी म्हणायची, सिस्टर, पाणी घालू का थोडं डाळीत? तर म्हणायची, नको बाई, लेकरांना घट्ट दे."

इथे मला ठसका लागला. पाणी मागवावं लागलं. तासभर हे असंच चाललं. ऐकत गेले तसतशी माझी आई आणि मोठी सिस्टर या दोन्ही बायका मला अनोळखी वाटायला लागल्या. एक कधी रागावत नव्हती आणि दुसरी तिला उलटून बोलत नव्हती.

शेवटी पाद्रींनी चष्मा काढला. "बेटी, सब लोग यही बोलते हैं," ते मला म्हणाले. "इतनी मीठी फाइल पर ऊपर कोई भरोसा नहीं करेगा. सिस्टर की कोई एक गलती बताइए, और ये बताइए कि गलती के बाद उन्होंने क्या किया. कल फिर आइए."

ती गलती मला माहीत होती. मी शाळेत शिकवते, आणि क्षमा या विषयावर बोलायची वेळ आली की दर वर्षी मुलांना तीच गोष्ट सांगते. मी दहा वर्षांची होते, भाऊ जेमतेम चार महिन्यांचा. आश्रमातल्या तान्ह्या मुलांसाठी आलेल्या दुधाच्या पावडरीचा एक डबा नाहीसा झाला. मोठ्या सिस्टरने भर स्वयंपाकघरात, सगळ्या बायकांसमोर आईला म्हटलं, "डिब्बा तुम लिया, बाई." आईने पळी फेकली आणि घरी निघून आली. आमचे पूर्वज फौजेतले. घरात एक तलवार आहे, ती दसऱ्याला निघते, आणि इभ्रत आहे, ती रोज निघते. आठ दिवस आई घरात बसून राहिली. नवव्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, मोठी सिस्टर पायी आमच्या दारात आली. उन्हाने लाल झालेली. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. सिस्टरने हात जोडले आणि म्हणाली, "बाई, हम सबके सामने बोला. वो गलत किया. सबके सामने माफी मांगता." मी उंबऱ्यात उभी होते. आईचा मला इतका अभिमान वाटला होता, की पुढे कितीतरी दिवस मी मान ताठ करून चालत होते.

घरी परतताना ई-रिक्शात मी आईला म्हटलं, "उद्या हे सांग. यापेक्षा मोठं काय असणार?"

"नाही."

"आई, ती खोटा आळ घेऊन पस्तावली, माफी मागायला आली. त्यांना हेच तर पाहिजे आहे."

"नाही म्हटलं ना मी. छोड ना."

"मग मी सांगते. मीही होते तिथे."

आई माझ्याकडे वळली. "शपथेवर सांगशील? की तिने खोटा आळ घेतला?"

"घेतलाच होता."

संध्याकाळी तिने मटार सोलायला घेतले आणि अर्धे तसेच ठेवून उठली. मला वाटलं, मेलेल्या बाईची बदनामी नको म्हणून अडून बसली आहे. मला तिचा राग आला, आणि थोडं कौतुकही वाटलं. सकाळी मी उठले तेव्हा ती इस्त्रीची साडी नेसून, चपला घालून खुर्चीत बसली होती.

जयेंद्रगंजात पाद्रींनी प्रश्न विचारायच्या आत ती बोलायला लागली.

"ही सांगेल की सिस्टरने माझ्यावर खोटा आळ घेतला. खोटा नव्हता तो. डबा मीच नेला होता."

लिहिणाऱ्या पाद्रींनी माझ्याकडे पाहिलं. आईने मला कोपराने ढोसलं. "सांग ना त्यांना. तसंच सांग."

"डिब्बा मैंने ही चुराया था," मी म्हणाले. आयुष्यभर तलवारवाल्या घरची मुलगी म्हणून मिरवले, आणि चोरीची कबुली द्यायला माझंच तोंड लागलं.

आई थांबायला तयार नव्हती. "टायफॉइडने माझं दूध आटलं होतं. हिच्या बाबांची मिल बंद. पोरगं सुकत चाललं होतं. मागितलं असतं तर तिने दिलं असतं, मला मालूम होतं. पण मागणार कोण?" तिने पदराने तोंड पुसलं. "ती दारात आली ना, तेव्हा डबा समोरच होता, चुलीपाशी. लपवायला वेळच नाही मिळाला. तिने बघितला. तिने बघितला ते मी बघितलं. आणि मग तिने हात जोडले."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सबके सामने बोला, वो गलत किया. मी ते वाक्य दर वर्षी मुलांना शब्दशः म्हणून दाखवत होते. तू डबा घेतला नाहीस, असं त्यात सिस्टर कुठेच म्हणालेली नव्हती. जाताना तिने आईला सांगितलं होतं की उद्यापासून बाळालाही आश्रमात घेऊन ये, आणि भाऊ वर्षभर तिथल्याच पाळण्यात वाढला. ही माझ्या गोष्टीची शेवटची ओळ असायची. तिचा डब्याशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"और बच्चा?" पाद्रींनी विचारलं.

"वाचला. बँकेत मॅनेजर आहे. त्याला सांगू नका."

हे मी सांगितल्यावर लिहिणारे पाद्री हसले. विचारणारे हसले नाहीत. "अम्मा, फिर आपने सिस्टर को सच क्यों नहीं बताया?"

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढा शिकलेला माणूस आणि एवढंही कळत नाही. "अहो, एवढ्या उन्हात पायी आली होती माफी मागायला. सगळी गल्ली बघत होती. मी कसं म्हणणार तेव्हा, की सिस्टर, तुमचंच बरोबर होतं? तिची माफी वाया गेली असती ना."

"लेकिन उसके बाद? इतने साल थे आपके पास."

मी प्रश्न तिच्या कानात सांगितला.

"म्हणून तर रोज भांडायची मी तिच्याशी," आई म्हणाली. "भांडण थांबलं असतं तर सांगावं लागलं असतं."